मांडीच्या मापाचं टेबल

आप्पा, काल महेशने जेवणाच्या टेबलाखालचे ठोकळे काढायला घेतले. एका बाजूचे दोन काढले, तेवढ्यात त्याला फोन आला आणि नेहमीप्रमाणे बाकीचं तसंच राहिलं. आता टेबल तिरकं उभं आहे. वाटीत आमटी ओतली की ती एका कडेला जाऊन बसते. तुमचं बारावं होऊन अजून धड आठवडाही झाला नाही. पण तुमच्या लेकाला वाईट वाटलं की त्याला काहीतरी उचकटायला लागतं. आई गेल्या तेव्हा त्याने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या बदलल्या होत्या, आठवतं ना.

त्याला बोलायला लागतं तेवढं त्राण अंगात नाही. इतके दिवस माणसं येत होती, जात होती. घोडबंदरहून तुमचे पुतणे, भाचे, कोण कोण आले. जो तो तुमची भातशेती, मिठागरं, खाडीत पोहणं ह्याबद्दलच बोलत होता. मी मान हलवत होते. ते आप्पा मला माहीतच नाहीत. मी सून म्हणून ह्या घरात आले तेव्हा शेतावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या आणि तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडत होतात. मला माहीत असलेले आप्पा म्हणजे जेवायला बसलेले आप्पा. तुमच्या बसण्याचा मी जेवढा विचार केला, तेवढा माझ्या नोकरीचाही कधी केला नसेल.

हे टेबल आपण सिल्व्हर पार्कच्या घरात राहायला आलो तेव्हा महेशने हौसेने आणलं होतं. मुंबईतल्या मित्रांकडे असतं तसं आपल्याकडेही असावं म्हणून. आलं, हॉलमध्ये उभं राहिलं, आणि त्यावर सगळं झालं, फक्त जेवण झालं नाही. त्यावर इस्त्री झाली, सईचा अभ्यास झाला, मटार सोलले गेले, गणपतीची आरास झाली. जेवण मात्र खाली, कारण तुम्ही खाली. भिंतीला पाठ लावून, पाटावर मांडी घालून, समोर ताट. तुमच्या एका बाजूला महेश, दुसऱ्या बाजूला सई. मी आणि आई वाढणार. तुमचं झालं की मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात. आई गेल्यावर मी एकटी राहिले, आणि एकटीसाठी कोण पाट मांडतंय. ओट्याला टेकून, ताटली हातात घेऊन उभ्याने जेवायची सवय लागली. भात गार झालेला असायचा. मला त्याचं काही फार वाटत होतं असं नाही. सकाळी शाळेच्या ऑफिसात जायची घाई, रात्री झोपायची घाई. कसंही पोटात गेलं की झालं, असं वाटायचं.

मग तुमचे गुडघे गेले. तुम्ही कबूल करत नव्हतात. उठताना भिंतीला हात लावायचात, मग खिडकीच्या गजाला, मग महेशच्या खांद्याला. एका रविवारी महेश घरी नव्हता, मी आत होते, आणि तुम्ही जेवून एकट्यानेच उठायला गेलात ते ताटावरच आडवे झालात. शर्टाला पापलेटचं कालवण, कोपराला खरचटलेलं. मी धावत आले तर तुम्ही आधी काय म्हणालात? "ताट न्हाय फुटलं गो." स्टीलचं ताट फुटणार होतं थोडंच.

डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद. मांडी घालायची असेल तर घाला, जन्माची सवय आहे, पण जमिनीवरून उठायचं नाही. एवढंच सांगून ते मोकळे झाले. जमिनीवर न बसता मांडी घालून जेवायचं कुठे, हे आपल्यालाच शोधायचं होतं.

पहिल्या दिवशी टेबलावरचे पसारे उचलले, ओल्या फडक्याने पुसलं आणि तुम्हाला खुर्चीवर बसवलं. तुमच्या चेहऱ्याकडे बघून मला तुमचा पासपोर्टचा फोटो आठवला. तुमची उंची बेताची. खुर्चीवर बसल्यावर पायाची फक्त बोटं जमिनीला लागत होती आणि टेबल जवळजवळ छातीशी येत होतं. आपण हाताने जेवणारी माणसं. हात वर उचलून घास घ्यायचा म्हटलं की कालवण मनगटावरून थेट कोपरापर्यंत धावतं. तुम्ही एक घास घेत होतात आणि एकदा हात पुसत होतात. मासळीचा काटा काढायला ताटावर वाकायचं, तर वाकायला जागाच नाही. ताट तर हनुवटीखालीच. चमच्याने खाणाऱ्यांनी बनवलेलं फर्निचर आहे हे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. अर्धवट जेवून तुम्ही उठलात. "मला न्हाय जमत असं लटकून खायला," म्हणालात. संध्याकाळी पाय सुजले होते.

मग तुम्ही खुर्चीवरच मांडी घालायला लागलात. खुर्ची अरुंद. दोन्ही गुडघे दोन बाजूंना बाहेर, आणि तुम्ही मध्ये. जरा डावीकडे वाकलात की खुर्चीचा उजवा पाय उचलला जायचा. मी तुमच्याकडे न बघता तुमच्याकडे बघत राहायचे. घरात लहान मूल असताना जीव कसा अर्धा तिकडे असतो, तसं. महेश म्हणाला, ह्यावर उपाय म्हणजे रुंद बाकडं करून घ्यायचं. आणि मिस्त्रीला बोलावलं.

तो दिवस मी कधी विसरणार नाही आप्पा. मिस्त्री येणार म्हणून तुम्ही पांढरा शर्ट घातलात. केस विंचरलेत. मी म्हटलं, आप्पा, कुठे निघालात? तर म्हणालात, "माप घ्यायला मानूस येतोय ना." जसं काही शिंपी येणार होता. मिस्त्री आला, टेप काढली, म्हणाला, "अंकल, आप आराम से बैठिए, जैसे खाना खाते हैं।" आणि तुम्ही काय केलंत? पाय खाली सोडून, बोटं जमिनीला टेकवून, पाठ ताठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलात. साखरपुड्याला व्याही बसतात तसे. त्याने माप घेतलं, तुम्हाला सलाम केला आणि गेला. मी स्वयंपाकघरात होते. महेश शेजारी उभा होता, पण तो मोबाईलमध्ये होता.

बाकडं आलं. छान झालं होतं, रुंद, कडा गोल केलेल्या. तुम्ही कौतुकाने त्यावर चढून बसलात, एक पाय वर घेतलात, दुसरा घेतलात, मांडी घातलीत आणि टेबलाकडे सरकायला गेलात, तर गुडघे टेबलाच्या खालच्या पट्टीला अडले. पुढे जाता येईना. माणूस मांडी घालतो तेव्हा त्याचे गुडघे केवढी जागा खातात ह्याचा कुणी विचारच केला नव्हता. ताट हातभर लांब. तुम्ही ताट उचलून मांडीवर घेतलंत. "बेस हाय," म्हणालात.

"काय बेस आहे?" महेश चिडला. "आप्पा, मापाच्या वेळी मांडी घालायला काय झालं होतं? तो सांगत होता ना, जेवता तसे बसा म्हणून!"

"परक्या मानसासमोर पाय वर घेऊन बसू?" तुम्ही त्याच्यापेक्षा जोरात. "अक्कल हाय का तुला?"

सई हसायला लागली. मग मीही हसले. मग तुम्ही हसलात, ताट मांडीवरून घसरायला लागलं ते महेशने पकडलं, आणि चिडलेला असूनही त्यालाही हसू आलं. आई गेल्यानंतर आपल्या घरात सगळे एकदम हसले ते मला वाटतं तेव्हाच. एका मापाच्या चुकीने दिलेलं ते हसू होतं, म्हणून मी त्या मिस्त्रीला कधी नावं ठेवली नाहीत.

पण पुढचे महिने कंटाळवाणे गेले, हे मी आज तुमच्याशी खरं बोलते. बाकडं कापून खाली घेतलं. गुडघे आत गेले, पण बाकडं इतकं खाली गेलं की उठताना दोघांनी ओढायला लागायचं. तुम्हाला ओढून उठवलेलं आवडायचं नाही. तुम्ही तोंड फिरवायचात. मग त्याच बाकड्याच्या पायांना खालून जोड दिला. उठणं सोपं झालं, गुडघे परत अडले. मला कळून चुकलं की तुमचे गुडघे एक उंची मागतात आणि तुमची मांडी दुसरीच मागते, आणि दोघांनाही खूश ठेवायचं तर टेबल वर जायला हवं. तेव्हा हे ठोकळे आले. टेबलाच्या चारही पायांखाली एकेक लाकडी ठोकळा, वरून खाच पाडून, टेबल हलू नये म्हणून.

आणि झालं. पहिल्या दिवशी तुम्ही बाकड्यावर मांडी घातलीत, गुडघे आरामात आत गेले, ताट पोटाजवळ आलं. तुम्ही डाळभात कालवलात, घास घेतलात, आणि डोळे मिटलेत. मी मात्र पाहिलं. जेवून झाल्यावर बाकड्याच्या कडेला सरकलात, पाय खाली सोडलेत, दोन्ही तळहात टेकलेत आणि उठलात. स्वतःचे स्वतः. मग बेसिनपर्यंत गेलात आणि हात धुवून परत येताना माझ्याकडे असं बघितलंत की जणू काही मुंबई जिंकून आलात.

तुमचं जमलं आणि बाकीच्या आम्हा तिघांचं बिघडलं. टेबल वर गेलं, खुर्च्या तशाच. महेश उंच आहे, त्याने निभावलं. सईचे कोपर खांद्याच्या रेषेत यायचे. "आई, मी काय कीबोर्ड वाजवतेय का?" असं ती रोज म्हणायची. आणि माझी उंची तर तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच मला बोटभर भेंडी म्हणायचात. मी खुर्चीवर उशी ठेवली तर पाय अधांतरी. उशी काढली तर टेबल गळ्याशी.

पण मी तिथे बसत होते, आप्पा. हेच तर सांगायचंय.

सुरुवात कशी झाली तेही सांगते. बाकड्यावर चढून बसताना तुमचा तोल जायचा, म्हणून मी शेजारी उभी राहायचे. तुम्ही बसलात की आत जायला वळायचे. एके दिवशी तुम्ही म्हणालात, "कुठं चाललीस? बस की हितंच." मी म्हटलं, पोळ्या आणायच्यात. तर म्हणालात, "महेश आणील." महेशने मान वर करून बघितलं. आणि गेला, आणल्या. मी बसले. मला काय करावं ते कळेना. समोर गरम भात, वाफ येतेय, आणि मला वाटत होतं की गॅसवर काहीतरी राहिलंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही ताटाला हातच लावला नाहीत. मी येऊन बसेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तसंच. सईसुद्धा म्हणायला लागली, "आई, चल ना, आप्पा सुरू करत नाहीत." आणि मग रोजचंच झालं. ह्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, गरम, बसून जेवायला लागले, ते ह्या अवाजवी उंच टेबलावर, खांदे वर करून.

माझे पाय लोंबतात हे तुमच्या लक्षात आलं होतं. तुमचे लोंबले होते ना. मी एकदा आईंचा पाट काढला आणि पायाखाली घेतला. तुम्ही ओरडलात, "जेवायच्या पाटावर पाय? कुठं शिकलीस?" मी गुपचूप पाट उचलून जागेवर ठेवला. मला राग आला होता, तुमचा नाही, सगळ्याचाच. दोन-तीन दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी जेवायला बसले तर पाय कशाला तरी लागले. खाली बघितलं तर तोच पाट, माझ्या खुर्चीखाली बरोबर मांडलेला. दिवसभर घरात तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं. तुम्ही वाकून तो कसा काय सरकवलात, काठीने की पायाने, मला आजही कळलेलं नाही. तुम्ही भाताचं आळं करण्यात गुंतल्यासारखं दाखवत होतात. त्यावर आपण दोघंही कधीच बोललो नाही.

पण एक प्रश्न राहिला, आप्पा. तो मला आता झोपू देत नाही असं नाही, इतकी थकले आहे की झोप लागतेच. पण भांडी घासताना येतो, कपडे वाळत घालताना येतो. तुम्ही मला बस म्हणालात ते कशासाठी? मी जेवावं म्हणून, की तुम्ही पडलात तर मी शेजारी असावं म्हणून? इतकी वर्षं मी ओट्याला टेकून गार भात खात होते, तो तुम्हाला दिसत नव्हता असं तर नाही. स्वयंपाकघराचं दार तुमच्या पाटासमोरच होतं. तेव्हा कधी बस म्हणाला नाहीत. गुडघे गेल्यावरच म्हणालात. मग माझी खुर्ची ही माझी खुर्ची होती, की तुमच्या काठीची जागा होती?

विचारायला हवं होतं, असं नाही म्हणणार मी. सून सासऱ्याला असलं काही विचारते का. आणि तुम्ही तरी काय उत्तर दिलं असतंत? "खा गुमान," म्हणाला असतात. कदाचित दोन्ही खरं असेल. कदाचित सुरुवात काठी म्हणून झाली असेल आणि नंतर तुम्हाला माझ्याबरोबर जेवायची सवय लागली असेल. पाली गावची कोळीण दारावर आली की तुम्ही बोंबील घ्यायचात, कारण मला आवडतात, आणि सांगायचात की तुम्हाला खायचेत. हे कशात धरायचं? मी रोज वेगळं उत्तर काढते.

आपलं शेवटचं भांडणही टेबलावरूनच झालं. माझा उजवा खांदा धरला होता, रात्री शेकत होते, ते तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलंत, "ते ठोकळे काढून टाका. माझ्यापायी सगळ्यांचे खांदे मोडायला नकोत. मी आत कॉटवर खाईन." मी म्हटलं, काही नको, इथेच जेवायचं. तुम्ही म्हणालात, "तुला कळत न्हाय." मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही. महेश म्हणाला, "आता दोघंही जेवा." तुम्ही घरातले मोठे, पण त्या दिवशी मी हटले नाही. तुम्हाला वाटलं असेल, सुनेचं कर्तव्य म्हणून ही अडून बसलीय, लोक काय म्हणतील म्हणून. तसं नव्हतं हो. तुम्ही आत कॉटवर गेला असतात, तर मी कुठे गेले असते हे मला दिसत होतं. परत ओट्यापाशी. तेवढं बोलले नाही. "रविवारी बघू," म्हटलं आणि विषय तोडला. रविवार यायच्या आत तुम्हाला धाप लागली, दवाखान्यात नेलं, आणि तिथे तुम्ही कॉटवरच जेवलात, मी भरवलं ते, दोन-चार चमचे पेज. चमच्याने. तुम्हाला ते मुळीच आवडलं नसणार.

तुम्ही गेल्यावर बारा दिवस बाहेरून डबे येत होते. समोरच्या जिग्नाबेन रोज थेपले आणि बटाट्याची भाजी आणायच्या. एकदा त्या डबा द्यायला आल्या तेव्हा मी ओट्याशी उभी होते, हातात ताटली. त्या म्हणाल्या, "भाभी, खड़े खड़े क्यूं खा रहे हो? बैठो ने!" मी म्हटलं, हां हां, बस हो गया. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं. बाहेर महेश आणि सई टेबलावर जेवत होते. मला कुणी आत जा म्हटलेलं नव्हतं. मी कधी उठून आत आले, कोणत्या दिवशी, मलाच माहीत नव्हतं. तुमचं बाकडं भिंतीकडे सरकवलेलं होतं आणि माझी खुर्ची त्यावर उलटी ठेवलेली, येणाऱ्यांना खाली बसायला जागा हवी म्हणून. महेश वाईट नाही, आप्पा, तुम्हीच वाढवलाय. सईही वाईट नाही. पण कुणाच्याच लक्षात आलं नाही की एक माणूस टेबलावरून कमी झालं नव्हतं, दोन झाली होती.

आज रविवार. मनात तुमच्याशी हे बोलतच होते, तेवढ्यात बेल वाजली. मिस्त्री आला. तोच. तुमच्याबद्दल ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं, "अंकल बहुत सीधे बैठे थे," म्हणाला. महेशने उरलेले ठोकळे काढले. टेबल खाली आलं, जुन्या जागी, जुन्या उंचीला. महेश म्हणाला, "बस, अब ऐसे ही ठीक है. फक्त एक पाय हलतोय, तो टाइट करो." मिस्त्रीने पाय घट्ट केला, टेबलावर हात टेकून हलवून बघितलं आणि सहज विचारलं, "हाइट यही रखनी है ना?"

"नहीं," मी म्हटलं. "मेरे हिसाब से कर दो."

महेश माझ्याकडे बघायला लागला. रागाने नाही, खरोखरच न कळून. म्हणाला, "पण तू कुठे टेबलावर जेवतेस? तू तर आप्पांसाठी बसायचीस ना?"

आप्पा, मी तुम्हाला जो प्रश्न विचारू शकले नाही, तो तुमच्या लेकाने असा सहज उत्तर म्हणून माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं की ते ऐकलं तर मी कोसळेन. तसं काही झालं नाही. मला फक्त खूप थकल्यासारखं वाटलं, आणि मी खुर्ची उचलून खाली ठेवली, आणि बसले. मिस्त्रीने माझ्या कोपराखालून टेप धरली, खडूने टेबलाच्या पायावर खूण केली. मग थांबला. "भाभी, सोच लो. काटने के बाद बढ़ेगा नहीं।"

ते मला माहीत होतं. टेबल कापलं की तुमची मांडी तिथे परत कधीच मावणार नाही. ठोकळे काढले तरी ते परत लावता येतात, असा एक खुळा विचार माझ्या मनात कुठेतरी बसून होता, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं. सई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. महेशच्याही मनात तेच आलं असावं, त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "काट दो।"

भुसा पडला. तो महेशनेच झाडला. मी काही सांगितलं नव्हतं. मग तो आत गेला, भांड्यांचे आवाज आले, आणि भाताचं पातेलं फडक्यात धरून बाहेर घेऊन आला. सईने ताटं मांडली, तीन. मी उठायला लागले, सवयच ती. महेश म्हणाला, "बस ना. वाढतो मी." वाढताना अर्धा भात टेबलावर सांडला त्याने.

मी बसले, आप्पा. पाय जमिनीला टेकले होते, खांदे खाली होते, हात ताटापाशी आपोआप पोचत होता. भातातून वाफ येत होती. पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं. तुम्हाला दवाखान्यातून आणलं तेव्हा फुटलं नव्हतं, बाराव्याला फुटलं नव्हतं, ते सगळं आत्ता आलं. नाक वाहत होतं, डावा हात पदराला, उजवा भातात. सई म्हणाली, "आई, पाणी देऊ?" महेश म्हणाला, "आत जाऊन जरा पडतेस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं, आणि तशीच जेवत राहिले.